घरी बांधलेल्या फझ पेडलमधील हमिंग : अ‍ॅडॉप्टरवर मोठे, बॅटरीवर थोडे, बायपासमध्ये जवळजवळ नाही

सहावी_तार

नमस्कार. गिटारचा स्वर मुद्दाम फाटका करणारे फझ फेस नावाचे जुने पेडल असते; त्याच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरांच्या आवृत्तीचे एक पेडल मी घरी बांधले आहे. पेडल वाजते, त्याचा स्वरही मला हवा तसाच आहे. परंतु त्यात इतके हमिंग, म्हणजे विजेची सलग गुणगुण, येते की दोन ओळींमधली शांतता शांतता राहत नाही. हे हमिंग नेमके कोठून येते, हे शोधण्याची योग्य रीत जाणकारांकडून समजून घ्यावी म्हणून सर्व तपशील देत आहे.

सर्किट नेहमीचे, दोन ट्रान्झिस्टरांचे आहे. दोन्ही ठिकाणी पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेले बीसी ५४९ सी बसवले आहेत. (बेस, कलेक्टर आणि एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय.) पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ३३ किलोओहम, दुसऱ्याच्या कलेक्टरवर ८.२ किलोओहम आणि त्याच्याही वर, सप्लायच्या बाजूला, ४७० ओहम असा क्रम आहे. आउटपुट या शेवटच्या दोन रेझिस्टरांच्या सांध्यावरून ०.०१ मायक्रोफॅरडमधून घेतले आहे. फीडबॅकचा रेझिस्टर १०० किलोओहम, फझचे पॉट १ किलोओहम, व्हॉल्यूमचे पॉट ५०० किलोओहम, इनपुटचा कॅपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड आणि फझच्या पॉटवरचा २२ मायक्रोफॅरड आहे. सर्व काही व्हेरोबोर्डवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या तयार बोर्डावर, आहे.

पेटी अ‍ॅल्युमिनियमची असून तिला आतून-बाहेरून पावडर कोटिंग केलेले आहे. गिटारचे दोन्ही जॅक प्लॅस्टिकच्या अंगाचे आहेत आणि अ‍ॅडॉप्टरचे सॉकेट धातूचे आहे. फूटस्विच नऊ पायांचा थ्रीपीडीटी आहे. बायपासमध्ये, म्हणजे गिटारचा सिग्नल सर्किट टाळून सरळ पुढे जातो तेव्हा, सर्किटचे इनपुट ग्राउंडला जाते. गिटारची पिन काढली की बॅटरी तुटावी म्हणून इनपुटला स्टीरिओ जॅक वापरला आहे. एलईडीला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे.

बॅटरीवर मोजलेले व्होल्टेज असे : सप्लाय ९.१, पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस ०.६०, कलेक्टर १.२७, दुसऱ्याचा एमिटर ०.६५ आणि कलेक्टर ३.५ व्होल्ट.

अ‍ॅडॉप्टर जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरचा आहे. त्यावर ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर असे छापलेले आहे. पेडल जोडलेले असताना मात्र सप्लायवर १२.८ व्होल्ट दिसतात. पेडलच्या प्रथेप्रमाणे आतली पिन ऋण आणि बाहेरची धन व्हावी म्हणून त्याच्या वायरी मी उलट केल्या आहेत.

आता लक्षणे. अ‍ॅडॉप्टरवर मोठे, सलग हमिंग येते. बॅटरीवर ते बरेच कमी होते, पण जात नाही. पेटीला हात लावला की वाढते. बायपासमध्ये जवळजवळ शांतता असते, फक्त गिटारची केबल हलली की क्षणभर खरखर ऐकू येते. अ‍ॅम्प्लिफायर आणि केबल दुसऱ्या पेडलबरोबर वापरून पाहिल्या आहेत. त्यांत दोष नाही. शिल्डेड वायर सर्वत्र घालावी, की अ‍ॅडॉप्टर बदलावा, की सर्किट पुन्हा नव्याने बांधावे, या प्रश्नावर मी अडलो आहे.

आवाजखोली

तपशील इतके नीट दिले आहेत की अर्धे काम त्यातच झाले आहे. माझी एकच विनंती आहे : अजून काहीही बदलू नका. हमिंगच्या बाबतीत लोक एकदम तीन गोष्टी बदलतात, आवाज थोडा कमी होतो, आणि कोणत्या बदलाने तो कमी झाला हे कायमचे अज्ञात राहते. आपल्या वर्णनावरून मला येथे एकापेक्षा अधिक कारणे एकमेकांवर चढलेली वाटतात. ती आधी सुटी करावी लागतील.

प्रथम बायसविषयी (ट्रान्झिस्टरांच्या पायांवरील स्थिर व्होल्टेजविषयी), म्हणजे तो विषय बाजूला ठेवता येईल. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट असावेत असे सर्वत्र लिहिलेले आढळते आणि आपल्याकडे ३.५ आहेत. सिलिकॉन ट्रान्झिस्टर आणि ८.२ किलोओहम यांच्या जोडीला साधारण एवढेच मिळतात, कारण एमिटरवर ०.६५ व्होल्ट ठरलेले असतात, त्यामुळे १ किलोओहमच्या पॉटमधून ०.६५ मिलिअँपिअर वाहतात आणि तेवढ्या प्रवाहाला ८.६७ किलोओहमवर सुमारे ५.६ व्होल्ट पडतात. साडेचार हवे असतील तर ८.२ च्या जागी ६.५ किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर लागेल. हमिंगशी याचा संबंध नाही. ट्रान्झिस्टर ठीक आहेत आणि पाय उलटे लागलेले नाहीत, एवढे मात्र या आकड्यांवरून नक्की कळते.

आता चाचण्या. एक जुनी पिन घ्या आणि तिचे टोक व तिचे अंग आतून एकमेकांना सोल्डर करा. ही शॉर्ट केलेली पिन गिटारच्या जागी इनपुटला लावा. आता बाहेरून काहीही आत येण्याचा मार्ग उरला नाही. या स्थितीत जे ऐकू येईल ते पेडलच्या पोटातले किंवा सप्लायमधले आहे. जे थांबेल ते गिटार, केबल किंवा इनपुटच्या जोडणीमार्गे येत होते. ही चाचणी बॅटरीवर आणि अ‍ॅडॉप्टरवर स्वतंत्रपणे करा.

त्यानंतर व्हॉल्यूमचे पॉट पूर्ण खाली आणा. हमिंग गेले तर ते पॉटच्या आधीचे आहे. तसेच राहिले तर पॉटचा ग्राउंडचा पाय सुटलेला आहे, किंवा पॉटपासून आउटपुट जॅकपर्यंतच्या वायरीत अथवा ग्राउंडमध्ये दोष आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे हमिंगचा स्वर. फोनमधला ट्यूनर अ‍ॅम्प्लिफायरसमोर धरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे; पूर्ण-तरंग रेक्टिफायरमधून गेली की तिची राहिलेली लहर १०० हर्ट्झची होते. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा ‘जी’ (G) हा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. १०० हर्ट्झ त्याच्यापेक्षा सुमारे ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढे असतात आणि ५० हर्ट्झ बरोबर एक सप्तक खाली. म्हणून दोन्ही वेळा ट्यूनर ‘जी’च दाखवील. सप्तक कोणते हे पाहायचे आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. फझ स्वतःच संवादी स्वर निर्माण करतो, त्यामुळे गिटारच्या पिकअपमधून आलेले ५० हर्ट्झ बाहेर पडताना १०० आणि १५० हर्ट्झही बरोबर घेऊन येतात. स्वराची परीक्षा शॉर्ट केलेली पिन लावूनच करावी. गिटार जोडलेली असताना ती फसवते.

सहावी_तार

सांगितल्याप्रमाणे सर्व चाचण्या केल्या. निरीक्षणे क्रमाने देतो.

शॉर्ट केलेली पिन लावून बॅटरीवर पेडल जवळजवळ शांत आहे. ट्रान्झिस्टरांची हलकी सळसळ तेवढी ऐकू येते, आणि पेटीवर तळहात ठेवला तर अगदी बारीक हमिंग येते. तीच पिन ठेवून अ‍ॅडॉप्टर लावला की मोठे हमिंग पूर्वीइतकेच येते. ट्यूनर १०० हर्ट्झच्या सप्तकातला, चढा ‘जी’ दाखवतो. व्हॉल्यूम खाली आणला की हे हमिंग पूर्ण नाहीसे होते.

पिन काढून गिटार जोडली आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवला, तर बॅटरीवरचे हमिंग परत येते. केबल जॅकमध्ये किंचित फिरवली तर ते कमी-अधिक होते.

अ‍ॅडॉप्टरमधली लहर प्रत्यक्ष मोजण्याचा प्रयत्न केला. परंतु माझ्या मल्टिमीटरवर एसीची सर्वांत लहान श्रेणी २०० व्होल्टची असल्याने काहीही दिसले नाही.

जुना_रेडिओ

स्वस्त मल्टिमीटरवर ती लहर दिसणारच नाही, आणि दिसण्याची गरजही नाही. आपल्या निरीक्षणांनी दोन स्वतंत्र दोष वेगळे झाले आहेत. पहिला सप्लायचा, त्याचे कारण सर्किटच्या रचनेतच आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आपण आउटपुट कोठून घेतले आहे ते पाहा : ४७० ओहम आणि ८.२ किलोओहम यांच्या सांध्यावरून. गिटारचा सिग्नल दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मोठा होतो, जवळजवळ पूर्ण सप्लायएवढा डोलतो. परंतु या सांध्यावर येईपर्यंत त्याची विभागणी होते आणि ४७० भागिले ८६७०, म्हणजे साधारण अठरावा हिस्सा शिल्लक राहतो. ९ व्होल्टच्या डोलण्यातून टोकापासून टोकापर्यंत अर्धा व्होल्ट उरतो. ही विभागणी हेतुपुरस्सर आहे, कारण त्याहून मोठा सिग्नल पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपत नाही.

आता सप्लायवरची लहर याच सांध्यावर कशी पोचते ते पाहा. तिच्या बाजूने सांधा आणि सप्लाय यांच्यामध्ये केवळ ४७० ओहम आहेत, आणि खाली कलेक्टरचा मोठा रोध आहे. म्हणून लहरीची विभागणी जवळजवळ होतच नाही. ती पूर्णच्या पूर्ण आउटपुटला येते. सिग्नलचा अठरावा हिस्सा आणि लहरीचा सगळा हिस्सा, असा हा विषम व्यवहार आहे. शिवाय पहिल्या ट्रान्झिस्टरच्या ३३ किलोओहममधून लहरीचा आणखी एक अंश दुसऱ्याच्या बेसवर जातो आणि तेथून मोठा होऊन येतो.

आकडा घालून पाहू. आपले पेडल एलईडीसह अडीच मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेत असावे. अ‍ॅडॉप्टरच्या आत १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आहे असे धरले, तर १०० हर्ट्झला एवढ्या प्रवाहाने सुमारे २५ मिलिव्होल्टची लहर उरते. रेडिओला किंवा एखाद्या खेळण्याला २५ मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नव्हे. येथे मात्र कमाल आउटपुटच अर्धा व्होल्ट आहे. लहर त्याच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे २६ डेसिबल खाली. वाजवताना ती झाकली जाईल आणि हात थांबला की उघडी पडेल. आपण नेमके हेच ऐकत आहात.

लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये फझ फेस बाजारात आणला, तेव्हा तो केवळ बॅटरीवर चालणारा होता. अ‍ॅडॉप्टरचे सॉकेट त्याला नव्हतेच. बॅटरीला लहर नसते, म्हणून आउटपुट सप्लायच्या इतक्या जवळून घेण्यात त्या वेळी काहीच धोका नव्हता. आपण त्या सर्किटला अ‍ॅडॉप्टर जोडतो तेव्हा सप्लाय बॅटरीइतका स्वच्छ करून देण्याची जबाबदारी आपल्याकडे येते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जुन्या सर्किटांना दोष देत ती पुन्हापुन्हा बांधणारी अनेक मंडळी मी पाहिली आहेत आणि त्यांच्या बोर्डांत कधीच काही चुकलेले नसते.

उपाय दोन टप्प्यांचा करावा. अ‍ॅडॉप्टर १२.८ व्होल्ट देत आहे, याचा अर्थ तो रेग्युलेटेड नाही, त्याचे व्होल्टेज स्थिर राखलेले नाही. हे व्होल्टेज ७८०९ या ९ व्होल्टच्या रेग्युलेटरसाठी पुरेसे आहे, कारण त्याला इनपुटवर साडेअकरा तरी लागतात. तो पेटीच्या आत मात्र बसवू नका. सॉकेटचा स्विच ज्या पायावर बॅटरी आणून देतो त्याच पायापुढे रेग्युलेटर लागला, तर बॅटरीही त्यातून जाईल; ९ व्होल्टचे ७ होतील आणि रेग्युलेटर स्वतःच पेडलपेक्षा अधिक प्रवाह खाईल. अ‍ॅडॉप्टरच्या वायरीवर एक लहान प्लॅस्टिकची डबी घ्या, तिच्यात ७८०९, त्याच्या इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड लावा. दोन्ही कॅपॅसिटर रेग्युलेटरच्या पायांशी अगदी लागून असावेत.

दुसरा टप्पा पेडलच्या आत. बोर्डाच्या सप्लायवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यानंतर ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर. ज्या वारंवारतेच्या वरची लहर ही जोडी अडवू लागते, ती सीमा साडेतीन हर्ट्झच्या खाली येते, त्यामुळे १०० हर्ट्झची लहर जवळजवळ तिसाव्या भागावर उतरते. एलईडी मात्र या रेझिस्टरच्या आधी जोडावा. मग १०० ओहममधून फक्त दोन ट्रान्झिस्टरांचा प्रवाह, म्हणजे एक मिलिअँपिअरहूनही कमी, जाईल आणि व्होल्टेजची घट ०.१ व्होल्टच्या आत राहील.

आता दुसरा दोष. शॉर्ट केलेल्या पिनेने बॅटरीवरचे हमिंग थांबले, गिटार लावल्यावर तिचा व्हॉल्यूम शून्य असूनही परत आले, आणि केबल फिरवली की बदलले. त्यातच आपल्या पहिल्या पत्रातले एक वाक्य महत्त्वाचे आहे : बायपासमध्ये केबल हलली की खरखर होते. बायपासमध्ये बोर्ड मार्गात नसतोच. मार्गात फक्त दोन जॅक, फूटस्विच आणि त्यांना जोडणारे ग्राउंड एवढेच असते. केबल चांगली आहे हे आपण तपासलेले आहे. मग उरतो इनपुटचा जॅक.

स्टीरिओ जॅकला तीन पाय असतात : टोक, मधले कडे आणि बाहेरचे अंग. बॅटरीची ऋण वायर मधल्या कड्याला जोडायची आणि सर्किटचे ग्राउंड बाहेरच्या अंगाला. साधी मोनो पिन आत गेली की तिचे अंग त्या दोघांना जोडते आणि बॅटरी सुरू होते. माझा कयास असा आहे की आपल्या पेडलमध्ये बोर्डाचे ग्राउंडही बॅटरीच्या ऋण वायरीबरोबर मधल्या कड्यालाच गेले आहे. असे झाले तरी पेडल चालते, म्हणूनच हा दोष लपून राहतो. परंतु मग गिटारच्या केबलचे शिल्ड बोर्डाच्या ग्राउंडला केवळ एका लहान स्प्रिंगच्या टेकण्यातून जोडलेले राहते. त्या संपर्कात काही ओहमचा रोध आला की शिल्डमधून वाहणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह त्यावर व्होल्टेज उभे करतो, ते इनपुटशी जोडले जाते आणि फझ त्याला शेकडो पट मोठे करतो.

खात्री सोपी आहे. बॅटरी आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही काढा. इनपुटमध्ये पिन नसताना इनपुट जॅकचे अंग आणि आउटपुट जॅकचे अंग यांच्यातला रोध मोजा. तो शून्याच्या जवळ असला पाहिजे. मीटर उघडे सर्किट दाखवत असेल तर माझा कयास बरोबर आहे. नंतर पिन घालून, ती फिरवत पुन्हा मोजा.

वायरमन_निवृत्त

माझे आयुष्य घरांच्या वायरिंगमध्ये गेले. पेडल मी बांधलेले नाही. तरी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

पहिली पेटीविषयी. हात लावल्यावर आवाज वाढतो, याचा अर्थ पेटी कशालाच जोडलेली नाही. जॅक प्लॅस्टिकचे, आतून पावडर कोटिंग. मग ग्राउंड तिच्यापर्यंत पोचणार कसे? आता कोणीतरी लगेच सांगेल की कोटिंग खरवडा आणि पेटी ग्राउंड करा. ते करण्यापूर्वी थांबा. अ‍ॅडॉप्टरचे सॉकेट धातूचे आहे, आणि आपल्या जोडणीत बाहेरची बाजू धन आहे. पुष्कळ धातूच्या सॉकेटांत बाहेरचा संपर्क आणि सॉकेटचे अंग एकच असते. म्हणजे त्या सॉकेटचा नट कदाचित आत्ताच धन आहे आणि केवळ कोटिंगच्या थरामुळे पेटीपासून वेगळा आहे. अशा वेळी पेटी ग्राउंडला जोडली आणि नट घासून कोटिंग गेले, तर सप्लाय सरळ शॉर्ट होईल. अ‍ॅडॉप्टर तापेल, बॅटरीही तापेल. प्रथम मीटरने नट आणि सॉकेटचा धन पाय जोडलेले आहेत का ते पाहा, आणि असल्यास प्लॅस्टिकच्या अंगाचे सॉकेट बसवा. त्यानंतरच पेटी आतून एका ठिकाणी खरवडून, दातेरी वॉशर आणि स्क्रूने ग्राउंडची एकच वायर घट्ट जोडा.

दुसरी गोष्ट आपण विचारलेली नाही, पण हमिंगचा विषय निघाला की ती हटकून येते. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढली की हमिंग कमी होते, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. कधीकधी ते कमी होतेही. ती पिन कधीही काढू नका, तिच्यावर टेपही लावू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या चासिसला जोडलेल्या असतात. आत दोष होऊन फेज चासिसला टेकला, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो. नसताना २३० व्होल्ट आपल्या बोटांखालच्या तारांवर येतात. वाजवताना दुसरा हात किंवा ओठ मायक्रोफोनला लागला की मार्ग पूर्ण होतो. जुन्या घरांत तीन भोकांचे सॉकेट असूनही मागे अर्थिंगची वायर आलेलीच नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या घरचे सॉकेट एकदा परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग केलेल्या दोन उपकरणांमुळे हमिंग येत असेल, तर सिग्नलच्या मार्गात ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतात. अर्थिंग तशीच ठेवतात.

आवाजखोली

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी पूर्ण सहमत आहे. काम करताना एकच क्रम पाळावा : आधी जॅकचे ग्राउंड, मग सॉकेट आणि पेटी, मग सप्लायचा फिल्टर. प्रत्येक टप्प्यानंतर शॉर्ट केलेली पिन लावून आणि गिटार लावून, दोन्ही प्रकारे ऐका.

पेटी उघडलीच आहे तर इनपुट जॅकपासून फूटस्विचपर्यंत आणि तेथून बोर्डापर्यंत जाणारी वायर शिल्डेड करा. तिचे शिल्ड जॅकच्या बाजूला ग्राउंड करा आणि दुसरे टोक कापून, इन्सुलेशन लावून मोकळे सोडा. इतर वायरी साध्या असल्या तरी चालतील. इनपुटची आणि आउटपुटची वायर एकमेकींना चिकटून जाणार नाही एवढे पाहावे, नाहीतर फझ पूर्ण चढवल्यावर शिट्टी सुरू होते.

सहावी_तार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निकाल सविस्तर कळवतो, म्हणजे पुढे ज्याला हीच अडचण येईल त्याला क्रम समजेल.

इनपुटमध्ये पिन नसताना दोन्ही जॅकच्या अंगांमध्ये मीटरने उघडे सर्किट दाखवले. मोनो पिन घातल्यावर ३ ते ७ ओहमच्या दरम्यान, पिन फिरवू तसा बदलणारा रोध दिसला. बोर्डाचे ग्राउंड मधल्या कड्यालाच जोडलेले होते. ते बाहेरच्या अंगाला आणले, कड्यावर फक्त बॅटरीची ऋण वायर ठेवली आणि दोन्ही जॅकची अंगे एका जाड वायरीने एकत्र करून तेथूनच बोर्डाला एक वायर दिली. आता पिनेविनाही मीटर ०.३ ओहम दाखवतो, आणि एवढा रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच आहे. बायपासमधली खरखर पूर्ण थांबली. बॅटरीवर गिटार शून्यावर असताना येणारे हमिंगही बहुतेक गेले.

सॉकेटविषयीचा इशारा अगदी वेळेवर मिळाला. नट आणि धन पाय यांच्यात मीटरने सरळ जोडणी दाखवली. कोटिंग आधी खरवडले असते तर शॉर्ट निश्चित होता. प्लॅस्टिकच्या अंगाचे सॉकेट बसवले, मगच पेटी ग्राउंड केली. आता पेटीवर हात ठेवला तरी आवाजात कोणताही फरक पडत नाही.

सप्लायचा भाग शेवटी केला. केवळ १०० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड लावल्यावर अ‍ॅडॉप्टरवरचे हमिंग खूप उतरले, परंतु फझ पूर्ण चढवल्यावर पार्श्वभूमीला जाणवत राहिले. ७८०९ ची डबी अ‍ॅडॉप्टरच्या वायरीवर बसवली आणि फरक पूर्ण झाला : शॉर्ट केलेली पिन लावून अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी यांत मला कानाने भेद करता येत नाही. कलेक्टरवर आता दोन्ही सप्लायना जवळपास सारखेच व्होल्टेज येते, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरवर वेगळा वाटणारा फझचा पोतही एकसारखा झाला. हा लाभ मी अपेक्षिला नव्हता.

अजून दोन गोष्टी शिल्लक आहेत. गिटारचा व्हॉल्यूम चढवला की हमिंग येते आणि मी खोलीत वळलो की ते बदलते. एका विशिष्ट दिशेला तोंड केले तर जवळजवळ नाहीसे होते. पिकअप सिंगल कॉइल आहेत. आणि रात्री, फझ पूर्ण असताना, अगदी क्षीण असे रेडिओवरचे बोलणे ऐकू येते.

जुना_रेडिओ

वळल्यावर बदलणारे हमिंग पेडलचे नाही. ते पिकअपचे आहे. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक, भिंतीतली वायरिंग यांचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तिच्यात शिरते, आणि कॉइलची दिशा त्या क्षेत्राशी कोणता कोन करते यावर आवाज ठरतो. पेटी कितीही ग्राउंड केली तरी यात फरक पडणार नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमची पेटी विद्युत क्षेत्र अडवते. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ती जवळजवळ पारदर्शकच असते. आपला ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅडॉप्टर गिटारपासून आणि पेडलपासून दोन-तीन हात दूर ठेवून पाहा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असेल तर पंखा एकदा पूर्ण वेगावर करून ऐका. त्याच्या आतला ट्रायक प्रत्येक अर्ध्या तरंगाचा तुकडा कापतो आणि त्यातून तीक्ष्ण करकर पसरते. भारनियमनाच्या वेळी घरात इन्व्हर्टर चालू असतानाही तशीच करकर येते. एवढे करूनही उरले तर हमबकिंग पिकअप (दोन उलट कॉइलांनी हमिंग खोडणारे), किंवा फझच्या वेळी दोन सिंगल कॉइल एकत्र वाजवण्याची जागा, हाच खरा मार्ग आहे. मधली कॉइल उलट वेढ्यांची आणि उलट ध्रुवाची असेल तरच ही जागा हमिंग खोडून काढते, हे मात्र तपासून घ्यावे.

रेडिओचा उपाय लहान आहे. मीडियम वेव्हचे प्रसारण केबलमध्ये शिरते, पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड डायोडप्रमाणे त्याचे शोधन करतो, आणि ५४९ सी चा मोठा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) उरलेले काम करतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये ४७ पिकोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर, त्याचे पाय शक्य तितके आखूड ठेवून, सोल्डर करा. बोलणे थांबले नाही तर १०० पिकोफॅरड लावा. त्याच्या वर जाऊ नका, नाहीतर फझची वरची धार बोथट होऊ लागेल.